वाटेची वाट किती वर्षं पाहायची?

*वाचकाचं पत्र (थोडक्यात):* आम्ही इंग्लंडच्या दक्षिणेला एका लहान गावात बारा वर्षं राहतोय. वसाहतीच्या मागून, शेताच्या बांधाबांधानं एक पायवाट ओढ्याकडे जाते आणि ओढ्यापलीकडे मुलांची शाळा आहे. मार्च २०२३ मध्ये शेताच्या नव्या मालकानं फाटकाला कुलूप घातलं आणि 'खासगी जागा' अशी पाटी ठोकली. ही वाट कौन्सिलच्या नकाशावर नाहीच, हे आम्हाला तेव्हा कळलं. आता मुलांना मोठ्या रस्त्याच्या कडेनं न्यावं लागतं, तिथे पदपथसुद्धा नाही. ती नकाशावर घ्यावी म्हणून आम्ही शेजाऱ्यांनी मिळून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काउंटी कौन्सिलकडे अर्ज केला, २३ जणांनी आपापल्या वहिवाटीचे फॉर्म भरून दिले. दोन वर्षांनी चौकशी केली तर उत्तर आलं, 'तुमचा क्रमांक १४७.' आमच्या मागून अर्ज केलेल्या शेजारच्या गावाचं काम मात्र सुरूसुद्धा झालं. माझ्या माहेरी, साताऱ्याकडे, कुणी बांधावरची वाट अडवली तर तहसीलदार पाहणी करून निकाल देतात. इथे वशिला चालतो का? आम्ही बाहेरचे म्हणून मागे पडलो का? त्यात त्या शेतात घरं बांधायचा प्रस्ताव येतोय असं कानावर आलंय. आम्ही काय करावं? — वाट पाहून थकलेली

ताई,

तुमच्या पत्रातल्या १४७ या आकड्यापाशी मी जरा थांबलो. असे आकडे टाइप करून लोकांना पाठवायचं काम मी इथल्या एका काउंटी कौन्सिलच्या राइट्स ऑफ वे, म्हणजे सार्वजनिक वाटांच्या, विभागात बरीच वर्षं केलंय. त्या पत्राच्या दुसऱ्या बाजूला काय असतं ते मला ठाऊक आहे: दोन-तीन अधिकारी, भिंतीला लागून फायलींची कपाटं आणि कुणाचा तरी फोन, 'आमचं कधी?'

आधी तुमच्या मनातला काटा काढतो. वशिला नाही आणि बाहेरचे म्हणूनही नाही. मागून आलेला अर्ज पुढे जायची साधी कारणं असतात. त्या गावानं सरकारकडे रीतसर दाद मागून आदेश आणला असेल (त्याबद्दल पुढे सांगतो), तिथे आधीच बांधकाम सुरू झालं असेल, किंवा त्याच भागातल्या दुसऱ्या अर्जाला जोडून तो घेतला असेल. तर्क करत बसायचीही गरज नाही. प्रत्येक कौन्सिलला अशा अर्जांची नोंदवही लोकांसाठी खुली ठेवावी लागते आणि ती बहुधा वेबसाइटवर असते. शेजारच्या गावाचा अर्ज तिथे शोधा, अर्ध्या तासात शंका फिटेल.

आता साताऱ्याचं. तिकडे तहसीलदारांकडे जाता येतं ते महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली, नाहीतर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली. दुसऱ्या कायद्यात तर वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. पण तो बहुतेक वेळा आपल्या शेतात जायच्या वाटेचा तंटा असतो, शेतकरी विरुद्ध शेतकरी. इथे तुम्ही 'माझी वाट' म्हणत नाही आहात, 'ही सगळ्या जगाची वाट आहे आणि सरकारी नकाशात ती राहून गेलीय' असं म्हणताय. इंग्लंडमध्ये 'फुटपाथ' म्हणजे दादरचा पदपथ नव्हे. शेतातून, कुरणातून, कुणाच्या परसाला लागून जाणारी, ज्यावरून कुणालाही चालता येतं अशी पायवाट म्हणजे फुटपाथ. त्या वाटांचा नकाशा, डेफिनेटिव्ह मॅप, १९४९ च्या कायद्यानं काउंट्यांना करायला लावला. सर्वेक्षण बरंचसं गावोगावच्या पॅरिश कौन्सिलांनी केलं. कुठे मन लावून झालं, कुठे उरकलं गेलं. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे १,४०,००० मैल वाटा नोंदलेल्या आहेत. रॅम्बलर्स या संस्थेच्या स्वयंसेवकांनी २०२० मध्ये जुने नकाशे आजच्या नकाशांशी ताडून पाहिले, तेव्हा नोंद नसलेल्या आणखी ४९,००० मैल वाटा सापडल्या.

तुमची रांग लांबलीय ती इथूनच. २००० सालच्या कायद्यात अशी तरतूद होती की १९४९ पूर्वीच्या जुन्या वाटा १ जानेवारी २०२६ पर्यंत नोंदल्या गेल्या नाहीत तर त्यांचा हक्कच संपेल. मग अभिलेखागारात बसणाऱ्या हौशी मंडळींनी टाइद नकाशे (चर्चच्या दशांश करासाठी केलेले), इन्क्लोजरचे निवाडे (सामायिक जमिनी वाटून कुंपणात घालतानाचे), १९१० च्या जमीनकराचे नकाशे धुंडाळून अर्जांचे गठ्ठे दाखल केले. सरकारनं २०२२ मध्ये ही मुदत काढून टाकू म्हटलं, २०२३ मध्ये ती २०३१ पर्यंत नेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा जाहीर केलं की मुदतच रद्द करू. सरकार हेलकावे खात राहिलं आणि कपाटं भरत गेली. तुमच्या अर्जाला त्या मुदतीची भीती मुळात कधी नव्हतीच, कारण तुम्ही १९४९ नंतरच्या वहिवाटीवर हक्क सांगताय. पण रांग सगळ्यांची एकच.

आता मुद्द्याचं बोलतो. तुमच्या अर्जाची परीक्षा एकच आहे असं तुम्ही धरून चाललाय, त्या दोन आहेत आणि दोन्हींचा अभ्यासक्रम वेगळा आहे.

पहिली परीक्षा 'कधी' ची. अर्ज कुठल्या क्रमानं घ्यायचे हे कायदा सांगत नाही. वाजवी रीतीनं शक्य तितक्या लवकर तपास करा, एवढंच तो म्हणतो. म्हणून बहुतेक कौन्सिलांनी आपापलं प्राधान्यक्रमाचं निवेदन केलेलं असतं, 'स्टेटमेंट ऑफ प्रायॉरिटीज', पुष्कळदा राइट्स ऑफ वे इम्प्रूव्हमेंट प्लॅनच्या, म्हणजे वाटा सुधारण्याच्या आराखड्याच्या, पोटात दडलेलं. कुणी सरळ तारखेनं चालतं आणि मोजके अपवाद ठेवतं. कुणी गुण देतं: वाहत्या रस्त्याला सुरक्षित पर्याय मिळतो का, शाळा, दुकान, बस यांना वाट जोडते का, आधीच्या वाटांमधली तुटलेली कडी सांधली जाते का, बांधकामामुळे वाट कायमची जाण्याचा धोका आहे का. काही जण वहिवाटीचे अर्ज कागदपत्रांच्या अर्जांच्या आधी घेतात. मला हे पटतं. १८४० चा नकाशा आणखी दहा वर्षं कपाटात राहिला तरी त्यावरची रेघ पुसत नाही, माणसांचं तसं नसतं.

दुसरी परीक्षा 'आहे की नाही' ची. तुमची फाइल टेबलावर आली की शाळा, रस्ता, मुलं, सगळं बाजूला ठेवलं जातं. वाट किती गरजेची आहे, सोयीची आहे, मालकाच्या खासगीपणावर घाला येतो का, यातलं काहीही अधिकाऱ्याला विचारात घेता येत नाही. प्रश्न एकच: हा हक्क आधीपासून अस्तित्वात आहे का? त्यासाठी १९८० च्या हायवेज ॲक्टचं कलम ३१. लोकांनी सलग वीस वर्षं ती वाट हक्कानं वापरली असेल तर मालकानं ती लोकांना दिली असं धरलं जातं, तसा आपला इरादा नव्हता हे त्यानं दाखवून दिलं तर गोष्ट वेगळी. (वीस वर्षांचं गणित तुम्हाला ओळखीचं वाटेल. आपल्याकडच्या १८८२ च्या सुखाधिकार कायद्यातही आकडा तोच आहे.) हक्कानं म्हणजे जबरदस्तीनं नाही, चोरून नाही, कुणाच्या परवानगीनंही नाही.

मी पाहिलेली बहुतेक मंडळी या दोन परीक्षांची उत्तरं अदलाबदल करून लिहितात. कौन्सिलला पत्र पाठवतात त्यात '२३ साक्षीदार, तीस वर्षांची वहिवाट'. क्रम लावताना याचे गुण फार थोडे. आणि वहिवाटीच्या फॉर्ममध्ये लिहितात, 'ही वाट आमच्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी अत्यंत आवश्यक आहे.' निकाल देताना याला शून्य.

म्हणून आधी तुमच्या कौन्सिलचं ते निवेदन काढा आणि त्यातला एकेक निकष घेऊन एका पानाचं पत्र लिहा. शाळेत जायच्या वेळी मोठ्या रस्त्याच्या कडेनं किती मुलं चालतात, तिथली वेगमर्यादा किती, पदपथ किती अंतर नाही, हे इथे लिहायचं. नकाशावर दोन रंगांत दाखवा: कुलूप लागायच्या आधीचा मार्ग, आताचा मार्ग, दोन्हींची लांबी. अर्ज केला तेव्हा बांधकामाचा प्रस्ताव नव्हता, आता तो येऊ घातलाय, म्हणजे परिस्थिती बदलली. ती कळवून फेरविचार मागा. कौन्सिलरना भेटायचं असेल तर जरूर भेटा, पण 'आमची वाट मंजूर करा' म्हणू नका. पुराव्यावरचा निर्णय त्यांच्या मर्जीचा नसतो आणि तसं बोललात तर ते अवघडतात. हे निकष शेवटचे कधी तपासले, विभागात माणसं किती, हे त्यांना सभेत विचारता येतं, आणि त्यांनी विचारलं की फरक पडतो.

तरीही हललं नाही तर पुढचं दार आहे, आणि त्याच्या किल्लीबद्दल नीट ऐका. अर्ज केल्यावर जमिनीच्या मालकाला आणि कसणाऱ्याला नोटीस द्यायची असते, आणि ती दिल्याचं प्रमाणपत्र कौन्सिलला द्यायचं असतं. कायद्यातलं बारा महिन्यांचं घड्याळ त्या प्रमाणपत्रापासून चालू होतं, अर्जापासून नाही. हे प्रमाणपत्र द्यायचं राहून गेलेले अर्ज मी कितीतरी पाहिलेत. घड्याळ सुरूच झालेलं नाही आणि अर्जदार वर्षं मोजतायत. तुमची प्रत शोधा. नसेल तर या आठवड्यात नोटीस आणि प्रमाणपत्र पुरं करा. असेल तर बारा महिने केव्हाच उलटलेत आणि तुम्ही सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे, म्हणजे सरकारातल्या मंत्र्यांकडे, दाद मागू शकता. इंग्लंडमध्ये हे काम प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेट हे सरकारी कार्यालय पाहतं. ते कौन्सिलला अमुक मुदतीत निकाल द्या असा आदेश देऊ शकतं. ते बघतात ते असं: कौन्सिलचे निकष काय, ते वाजवी आहेत का, कौन्सिलनं आजवर काय केलं आणि पुढे काय करणार आहे, तुमच्या प्रकरणाचं वेगळेपण काय, तुमचं म्हणणं काय. मघाचं एक पानी पत्र इथे पुन्हा उपयोगी पडेल. एक कटू गोष्टही सांगून ठेवतो. आदेश मिळालेला अर्ज पुढे जातो तेव्हा १४६ जणांपैकी कुणीतरी मागे सरकतं. अधिकारी तेवढेच असतात. मी खुर्चीवर होतो तेव्हा याचा राग यायचा. आता वाटतं, कायद्यानं दिलेला मार्ग न वापरून तुम्ही कुणाचंच भलं करत नाही.

घरांच्या प्रस्तावाचं. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत बांधकामाची परवानगी डिस्ट्रिक्ट कौन्सिल देते आणि पायवाटांचं काम काउंटी कौन्सिलकडे असतं. एकाच गावची दोन कार्यालयं, आणि एकाला दुसऱ्याची खबर असेलच असं नाही. प्रस्ताव अधिकृतपणे दाखल झाला की लगेच डिस्ट्रिक्टला लेखी कळवा की या जागेवर पायवाटेचा अर्ज प्रलंबित आहे, क्रमांक अमुक. परवानगी मिळाली म्हणून वाटेचा हक्क आपोआप बुडत नाही. वळवायची किंवा बंद करायची तर त्यासाठी वेगळा आदेश लागतो. आणि बिल्डरशी भांडायच्या आधी एकदा बोलून बघा. मालक राजी असेल तर कौन्सिल त्याच्याशी करार करून नवी पायवाट निर्माण करू शकते, त्याला पुरावा, साक्षीदार काही लागत नाही. वसाहतीच्या आराखड्यात शाळेकडे जाणारी वाट दाखवायला बिल्डरला आवडतंसुद्धा. हे जमलं तर १४७ क्रमांक राहिला कागदावर. तोवर अर्ज मात्र मागे घेऊ नका. आणि कुलूप तोडू नका, तार कापू नका.

शेवटी साक्षीदार. इथे माझं जरा जास्त ऐकून घ्या.

आमच्या विभागात एक फाइल होती, सहा वर्षं पडून राहिलेली. त्यात ८४ वर्षांच्या एका गृहस्थांचा फॉर्म. लहानपणी दुधाची किटली घेऊन ते त्या वाटेनं जायचे, असं एका ओळीत लिहिलेलं. बाकी सगळी उत्तरं 'हो', 'नाही', 'नेहमी'. फाटक होतं का? हो. कुलूप असायचं का? कधीतरी. हे 'कधीतरी' म्हणजे कोणत्या साली, दिवसभर की रात्री, गुरं आत असताना की लोकांना अडवायला, यावर ते सगळं प्रकरण अडलं होतं. मी फोन केला. मुलीनं उचलला. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती.

तुम्ही बारा वर्षं इथे आहात, म्हणजे वीस वर्षं एकट्यानं भरत नाहीत. भरायची गरजही नाही, वेगवेगळ्या लोकांचा वापर एकत्र धरतात. मार्च २०२३ ला वाट अडली, म्हणजे मार्च २००३ पासूनचा वापर दाखवायला हवा. पण आधी एक तपासा. जुन्या मालकानं कधी कौन्सिलकडे नकाशासकट निवेदन देऊन ठेवलंय का, की 'माझ्या जमिनीत एवढ्याच सार्वजनिक वाटा आहेत, आणखी देण्याचा इरादा नाही'? जमीनदार मंडळी हे सर्रास करून ठेवतात, त्याचीही नोंदवही खुली असते. समजा असं निवेदन २००९ चं निघालं, तर तुमची वीस वर्षं २००९ पासून मागे मोजावी लागतील, म्हणजे १९८९ पर्यंत. तेव्हा तुम्ही इथे नव्हता, तुमच्या २३ पैकी किती होते? मालकानं नुसतं मनात ठेवलेलं किंवा वकिलाला लिहिलेलं मात्र पुरत नाही. वाट वापरणाऱ्यांना त्याचा इरादा दिसायला हवा, असं हाउस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हाचं इथलं सर्वोच्च न्यायालय) २००७ मध्ये गॉडमँचेस्टरच्या खटल्यात ठरवलंय. म्हणून त्या शेतात पूर्वी कधी पाटी होती का, कुणाला कधी हटकलं का, हे प्रत्येकाला विचारा. उत्तर गैरसोयीचं आलं तरी लिहून घ्या. एक फॉर्म आठवतो, मोठ्या प्रेमानं भरलेला: 'शेतकरी फार भला माणूस, आम्हाला नेहमी जाऊ द्यायचा.' वाचणारा अधिकारी लगेच विचारणार, जाऊ द्यायचा म्हणजे परवानगी द्यायचा का? त्या बाईंना म्हणायचं होतं एवढंच, की तो बघून हात हलवायचा. हात हलवणं ही परवानगी नव्हे. पण फॉर्मवर काय आलं?

आणि सगळ्यांच्या फॉर्मना एकाच नकाशाची झेरॉक्स जोडली असेल, रेघ आधीच मारलेली, तर ते सुधारा. तेवीस जणांनी एकाच हातची रेघ सादर केली की मालकाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. वाट नकाशावर घ्यायचा आदेश कौन्सिलनं काढल्यावर हरकतींना किमान ४२ दिवस असतात, आणि हरकत आली की प्रकरण प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटच्या इन्स्पेक्टरपुढे जातं, बरेचदा गावच्या सभागृहातच चौकशी भरते. कौन्सिलनं नकारच दिला तर तुम्हाला अपिलाला २८ दिवस. दोन्हीकडे तुमचं भांडवल हेच फॉर्म.

तुमच्या वसाहतीत १९७० च्या दशकापासून राहणारं कुणी असेलच. आधी त्यांच्याकडे जा, कौन्सिलच्या पत्राची वाट पाहू नका. कोरा नकाशा न्या, बरोबर पेन, आणि बोलणं रेकॉर्ड करायला त्यांची संमती. आधी चहा होऊ द्या. कुठल्या साली इथे आलात, कुत्रा होता का, त्याला कुठून फिरवायचात, फाटकाशी कोण भेटायचं, बर्फ पडलं तेव्हा कुठून गेलात, असं विचारत राहा. साल आठवलं नाही तर मुलाचं लग्न, नातवाची शाळा यांवरून काढा. रेघ त्यांनाच मारू द्या. हात थरथरला आणि रेघ ओढ्याच्या जरा अलीकडून गेली तरी खोडू नका. खाली त्यांची सही आणि त्या दिवसाची तारीख घ्या.